अकरा हजार जबडे आणि दोन डिस्क

पहिला बळी गेला तो एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. बळी म्हणजे जिवानिशी नव्हे. त्यांच्या नव्या कवळीला दोन्ही बाजूंना डावीच दाढ आली. डावीकडे डावी आणि उजवीकडेही डावी. कवळी बसली छान, पण घास चावायला गेलं की जबडा आपोआप डावीकडे वळायचा, जबड्यापाठोपाठ मान आणि मानेपाठोपाठ मुख्याध्यापक. टेबलाच्या एका टोकाला जेवायला बसलेला माणूस दुसऱ्या टोकाला हात धुवायला उठतो, असं त्यांची बायको सांगत होती. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. बाकीचं सगळं पाहिलंय.

कवळी झाली होती वहिनींच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत दातांच्या डॉक्टरांकडून आलेली कामं घ्यायचं टेबल आणि कॉम्प्युटर. मधल्या खोलीत वहिनींचं बाक, मेण मऊ करायची बोटाएवढी ज्योत, कोरण्या, भिंगाचा दिवा. मागच्या खोलीत प्लास्टर. तिथे तरुण माणूस शिरला तर पांढरे केस घेऊन बाहेर येतो. माझ्यात काही फरक पडत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र तीस वर्षं अग्निशामक दलात बंबावर होता, म्हणून त्याचं नावच बंब पडलं. निवृत्त झाल्यावर त्याने बायकोच्या कारखान्यात स्वतःच स्वतःची नेमणूक केली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन दार उघडायचं, संध्याकाळी सगळे गेल्यावर ज्योत विझली का बघायचं, बटणं बंद करायची, कुलूप लावायचं आणि ते तीनदा ओढून बघायचं. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. आणि नेमणूकपत्र कधी मिळतंय, असं तो दर महिन्याला वहिनींना विचारायचा.

त्याच्या एका खोडीबद्दल आधीच सांगून ठेवतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या केंद्रालाच आग लागली. दोन्ही बंब आत. दोन्ही शिड्या आत. किल्ल्यांचे दोन्ही जुडगे एकाच खिळ्याला आणि तो खिळाही आत. सगळं दल हेल्मेटं घालून रस्त्यावर उभं, पलीकडच्या गावच्या बंबाची वाट बघत. तो बंब आला, थांबला, आणि खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरने विचारलं, "अग्निशामक केंद्र कुठे आलं हो?"

तेव्हापासून बंब कुठल्याही वस्तूचे दोन नग एका छपराखाली ठेवत नाही. जादा चष्मा शेजाऱ्यांकडे. जादा किल्ली व्याह्यांकडे. आणि वहिनींनी करून दिलेली जादा कवळी माझ्या कपाटात, काचेच्या बरणीत, गेली नऊ वर्षं माझ्याकडे बघून हसते आहे. वरच्या सुळ्याशेजारी एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली. बंबला शिट्टी मारायला लागते. ही फट मी झोपेतही ओळखेन.

तर कवळीत दोन डाव्या दाढा आल्या कुठून? वहिनींनी नीट कोरल्या होत्या. पण कोरल्या होत्या कॉम्प्युटरवर दिसलेल्या चित्रावरून. आणि चित्रातच घोळ होता.

हल्ली डॉक्टर तोंडाचं माप साच्यात घेत नाहीत, पेनासारखा कॅमेरा फिरवून घेतात आणि चित्र पाठवून देतात. ती सगळी चित्रं, अकरा हजार जबडे, पुढच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीत राहतात. बुटाच्या खोक्याएवढी पेटी, समोर दोन खण, प्रत्येक खणात एक डिस्क. पेटी मीच बसवली होती. मी रेडिओच्या काळापासून यंत्रं दुरुस्त करतो आणि दुरुस्त झाली नाहीत तर निदान त्यांच्याशी बोलून बघतो.

पेटीची रीत साधी आहे. जे लिहायचं ते दोन्ही डिस्कवर लिहायचं, जसंच्या तसं. एका बाकावर बसलेल्या दोन मुली समजा. बाई सांगतील ते दोघीही उतरवून घेतात. एक आजारी पडली तर दुसरीची वही आहेच. वाचायच्या वेळी मात्र पेटी दोघींना विचारत नाही. जी मोकळी असेल तिला विचारते, कधी डावीला, कधी उजवीला. वह्या सारख्याच असल्यावर कुणाला विचारलं म्हणून काय बिघडतं?

काहीतरी बिघडत होतं. मुख्याध्यापकांनंतर एका गाणाऱ्या बाईंच्या वरच्या जबड्यात मधोमध दुसऱ्या कुणाचा तरी खालचा जबडा उगवला. मग तीन फाइली उघडेचनात. मी आलो, पेटीची आतली यादी तपासायला लावली. कुठला जबडा कुठे ठेवलाय याची ती यादी. तिच्यात एकाच जागेवर दोघांचा हक्क लागलेला. यादी दुरुस्त केली, मिशीवरून हात फिरवला, घरी गेलो. बारा दिवसांनी फोन. पुन्हा तेच.

वहिनींचा मुलगा, आमचे चिरंजीव, पुढची खोली सांभाळतो. टापटिपीचा गडी. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवतो.

"काका, रागावू नका," तो मला म्हणाला, "पेटी ठणठणीत आहे. आईचं बोट चुकतं."

मधल्या खोलीतून आवाज आला, "बोट चुकत असतं तर कोरणीखाली चुकलं असतं. ये, दाखवते."

"आई, कोरणीबद्दल कोण बोलतंय? मी बटणांबद्दल बोलतोय."

"बटणं काय, ती तर दोनच दाबते मी. उघड आणि ठेव."

"ठेव दाबतेस की दुसरंच काही?"

"अगं, जरा बघून दाबत जा," बंब मध्येच म्हणाला. तो दाराशी उभा राहून आग विझवायची नळकांडी पुसत होता.

मधल्या खोलीत कोरणी थांबली. ती कोरणी थांबली की मला भीती वाटते.

चिरंजीवांच्या मनात वेगळंच होतं. गावाच्या त्या टोकाला एक मोठा कारखाना निघाला होता, सगळं यंत्रावर. आपली कामं त्यांच्याकडे पाठवायची, आपण नुसती घ्यायची आणि पोचवायची. आईला आराम.

"आराम म्हणजे रे काय?" वहिनींनी विचारलं. "खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे दात मोजू?"

"आई, चाळीस वर्षं झाली."

"मग? चाळीस वर्षांत हात बसलाय आता कुठे."

शेवटी तह झाला. मी पेटी पूर्ण निर्दोष करून द्यायची. त्यानंतरही जबडे बिघडत राहिले तर दोष बोटाचा, आणि चिरंजीव मोठ्या कारखान्याला पत्र पाठवणार. बंबने साक्षीदार म्हणून मान हलवली.

त्याच दिवशी वहिनींनी एक वही काढली. शंभर पानी, रेघांची. त्या दिवसापासून पेटीशी जे काही होईल ते त्या लिहू लागल्या. *नऊ वाजून चार. पेटी चालू. नऊ वाजून सहा. उघड दाबलं. जबडा क्रमांक अमुक.* हाताला मेण, तरी लिहायच्या. पानावर बोटांचे तेलकट ठसे. एकदा मी मागून डोकावलो तर त्यांनी वही मिटली.

"भावोजी, खरंच चुकत असेल का हो?" त्या हळूच म्हणाल्या. "मलाच कळत नसेल असं होऊ शकतं ना?"

पन्नास वर्षांत या बाईने मला प्रश्न विचारलेला नव्हता. उत्तरं बरीच दिली होती. मी ठरवलं, आता पेटी सोडायची नाही.

केबल बदलली. पेटीची मेमरी काढली, दुसरी घातली. प्लास्टरच्या खोलीतलं थरथरणारं टेबल चालू झालं की भिंत हलते. म्हणून पेटीखाली रबराच्या चकत्या घातल्या. विजेवर संशय घेतला आणि तीन दिवस मीटर लावून बसलो. वीज इतकी सरळ निघाली की माझीच मला लाज वाटली. शेवटी एका सोमवारी दोन्ही डिस्क काढल्या आणि नव्या कोऱ्या बसवल्या. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या जुळ्या. डावी आणि उजवी यांत फरक एवढाच की एक डावीकडे होती.

पहिला आठवडा गेला. दुसऱ्या सोमवारी एका दंतवैद्याच्या स्वतःच्याच जबड्याची फाइल उघडेना. तो माणूस फोनवर जे बोलला ते दात नसलेल्या माणसाला बोलताच आलं नसतं.

"काका?" चिरंजीव म्हणाले.

"दोन आठवडे दे."

"दोन. बाबा, ऐकताय ना? दोन."

"ऐकतोय," बंब म्हणाला, आणि नळकांडी पुसू लागला.

आता मी शहाण्यासारखं एक काम केलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पेटीला सांगितलं, दोन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत शेजारी-शेजारी ठेवून वाच, आणि जिथे जुळणार नाही तिथे खूण कर. जुळ्यांच्या वह्या तपासायच्या, दुसरं काय. जिथे फरक निघाला तिथे दोन्ही सारख्या करून घेतल्या. हे सगळं व्हायला तिसऱ्या आठवड्याचा शनिवार उजाडला. दुपारी चार वाजता पुन्हा तपासणी लावली. पाच वाजता पेटीने उत्तर दिलं: फरक शून्य.

वहिनींनी वहीत लिहिलं: *शनिवार. पाच. फरक शून्य. पेटी बंद केली.* खाली माझी सही घेतली. मी घरी आलो. बंब कुलूप लावायला मागे राहिला.

सोमवारी सकाळी मी चिरंजीवांच्याही आधी हजर. बंबने दार उघडलं होतं, मफलर काढून खुंटीला लावत होता. मी कुणालाही काही उघडू दिलं नाही, काही ठेवू दिलं नाही. पेटी चालू केली आणि पहिलं काम तपासणीच लावली.

फरक: तीनशे बारा.

मी खुर्चीत बसलो. चहा आला, तो गार झाला. शनिवारी पाच वाजता दोन वह्या अक्षर न् अक्षर सारख्या. मग पेटी बंद. वीज नाही, कुणी लिहिणारा नाही. एक अख्खा दिवस आणि दोन रात्री कुलपाच्या आत. आणि सोमवारी एका वहीत तीनशे बारा ठिकाणी वेगळं लिहिलेलं. बंद वहीत अक्षरं आपोआप उमटत नाहीत. माझ्या हातून जन्मात बरीच यंत्रं गेली, एक रेडिओ तर बंद करूनही हवामान सांगायचा, पण त्याचं कारण शेजारचा रेडिओ होता.

वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका मजेदार बिघाड आयुष्यात एकदाच भेटतो.

मी दोन्ही डिस्क वेगवेगळ्या वाचायला घेतल्या, लिहिण्याची मनाई करून. आणि मग एक गोष्ट आठवली. प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंद ठेवते: आपल्याला आजवर किती वेळा जागं केलं. ही नोंद कुणी पुसू शकत नाही. डावीला विचारलं. ती म्हणाली, एकोणीस. बरोबर. तीन आठवडे, आठवड्याला सहा दिवस, अठरा. आणि आजची सकाळ धरून एकोणीस. वहिनींची वही घेतली आणि नव्या डिस्क बसवल्या त्या सोमवारपासून "पेटी चालू" किती वेळा लिहिलंय ते मोजलं. एकोणीस.

उजवीला विचारलं. ती म्हणाली, बावीस.

एकाच पेटीत, एकाच बटणावर झोपणाऱ्या आणि उठणाऱ्या जुळ्या बहिणी. आणि उजवी तीन वेळा जास्त उठली. तीन आठवडे. तीन रविवार.

"काय सापडलं?" वहिनी दारात उभ्या होत्या, हातात कोरणी.

"तुमची वही बरोबर आहे, एवढं सापडलंय."

"आणि पेटी?"

"ती पण बरोबर आहे."

"मग चूक कोण आहे?"

"तेच बघतोय."

त्या गेल्यावर मी तीनशे बारा फरक एकेक करून बघितले. बहुतेक एका छोट्या चित्राचे तुकडे होते. जबडा उघडला की कॉम्प्युटर त्याचं एक चिमुकलं चित्र करून डिस्कवर ठेवतो, पुढच्या वेळी पटकन दाखवता यावं म्हणून. हे चित्र उजवीवर होतं, डावीवर नव्हतं. शिवाय उजवीच्या यादीत लिहिलं होतं, ही जागा भरली. डावीच्या यादीत तीच जागा रिकामी. सोमवारी नवा जबडा आला की पेटी कुठल्या तरी एकीला विचारणार, बाई, जागा आहे का? डावी म्हणणार, "आहे." उजवी म्हणणार, "नाही." मग एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. मुख्याध्यापकांची दुसरी डावी दाढ अशी आली होती, विचारून आली होती.

आणि वेळ? उजवीच्या यादीत फाइल शेवटची उघडल्याची वेळ होती: रविवार, सकाळी अकरा वाजून वीस. फाइल क्रमांक एक. अकरा हजारांतला पहिला जबडा.

मी ती फाइल उघडली. पडद्यावर कवळी आली, हळूहळू फिरायला लागली. वरच्या सुळ्याशेजारी बारीक फट.

नऊ वर्षं जिच्याकडे बघत मी पायमोजे शोधतोय, ती कवळी.

मी पडदा बंद केला. खुंटीवरच्या मफलरकडे बघितलं. मफलरला चौकोनी पोक आलेला होता, डिस्कच्या मापाचा.

त्या दिवशी मी कुणाला काही बोललो नाही. नुसता संशय आणि डोळ्यांनी बघणं यात फरक आहे, आणि मला बघायचंच होतं. दोन्ही डिस्क पुन्हा सारख्या केल्या. या वेळी डावीचं खरं धरलं, कारण ती घर सोडून कुठे गेली नव्हती. त्या आठवड्यात एकही जबडा बिघडला नाही. चिरंजीवांनी पत्र मात्र लिहून ठेवलं. पाकीट टेबलावर, पेन्सिलींच्या बाजूला, काटकोनात.

रविवारी अकरा वाजता मी बंबच्या घरी गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. आतल्या खोलीत नातीचा जुना कॉम्प्युटर, त्याच्या बाजूला उघडलेला जेवणाचा डबा, डब्यात घडी घातलेला मफलर. कॉम्प्युटरला वायरीने लटकलेली उजवी डिस्क. आणि पडद्यावर बंबची कवळी गोल गोल फिरत होती. बंब दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्याकडे बघत होता.

"काय रे, आरसा नाही का घरात?" मी म्हणालो.

तो असा उडाला की डब्याचं झाकण घरंगळत स्वयंपाकघरापर्यंत गेलं.

"तू इथे काय करतोस?"

"तुझे दात बघतोय. तू काय करतोस?"

बंबने आधी दार लावलं. मग खिडकी लावली. मग कुजबुजत म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. दोन डिस्क आहेत ना त्यात? दोन्ही एकाच पेटीत! पेटी एकाच खोलीत! अरे, तूच बसवलीस, तुला काही वाटलं नाही? आग लागली तर? तिची चाळीस वर्षं एका खिळ्याला टांगलेली! म्हणून मी शनिवारी पेटी बंद झाली की एक काढून घरी आणतो. सोमवारी पहाटे जिथल्या तिथे."

"आणि हे?" मी पडद्याकडे बोट केलं.

"हे म्हणजे… जिवंत आहे का बघायला नको? रिकामी बादली घेऊन आगीवर गेलेली माणसं बघितलीयत मी. एकच फाइल उघडतो. माझीच. दुसऱ्याच्या तोंडात कशाला बघू? नुसतं बघतो रे. हात लावत नाही."

"तू नाही लावत. हा लावतो." मी कॉम्प्युटरवर टिचकी मारली. "तू नुसतं बघतोस, आणि हा बघता बघता हिच्या वहीत लिहून ठेवतो. सोमवारी तू हिला परत बहिणीशेजारी बसवतोस. पेटीला वाटतं दोघी शनिवार संध्याकाळपासून इथेच होत्या. पेटी चालू असताना काढली असतीस तर तिने बोंब मारली असती. तू बंद झाल्यावर काढतोस, चालू व्हायच्या आत ठेवतोस. तिला पत्ताच नाही. चोरी इतकी सफाईने झाली की घरधन्यालाही कळली नाही, आणि चोरालाही."

बंबला समजायला वेळ लागला. पडद्यावर कवळी अजून फिरत होती. त्याने ती थांबवायचा प्रयत्न केला, ती उलटी फिरायला लागली.

"म्हणजे तो मुख्याध्यापक…"

"तू."

"ती गाणारी बाई…"

"तूच."

त्याने घरंगळलेलं झाकण आणून डब्यावर लावलं. नंतर म्हणाला, "म्हणजे हिचं बोट चुकलं नव्हतं."

"एकदाही नाही. मी वही मोजलीय."

"मी तिला सांगत होतो. तीन महिने. अगं, बघून दाबत जा." त्याने कवळी काढली, हातात धरली, परत घातली. काहीतरी करायला हवं म्हणून. "तू सांग तिला. तुला नीट सांगता येतं."

"मला वाढवून सांगता येतं. हे नीट सांगायचंय. ते तू सांग."

सोमवारी सकाळी नऊला आम्ही तिघं मधल्या खोलीत होतो. डिस्क बंबच्या हातात, मफलरमध्ये, तान्ह्या मुलासारखी. वहिनी एक दाढ कोरत होत्या. बंबने सांगितलं. आगीचा अहवाल द्यायची त्याला सवय होती, तसंच सांगितलं: किती वाजता, कुठल्या दाराने, कशात गुंडाळून. शेवटी मात्र अडखळला. "आणि मी तुलाच म्हणत राहिलो…"

वहिनींनी मान वर केली नाही. दाढेची शेवटची खाच पुरी केली. मग फुंकर मारून ज्योत विझवली. बंब दचकला, ज्योत विझवणं हे त्याचं काम होतं.

त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली. "लिहा."

"काय लिहू?"

"आत्ता बोललात ते. वेळेसकट. तीन महिन्यांचं."

बंब बसला आणि लिहायला लागला. *शनिवार. पाच वाजून दहा. उजवा खण उघडला.* वहिनी उभ्या राहून बघत होत्या. "तारीख राहिली," त्या म्हणाल्या. त्याने तारीख घातली. पुढच्या शनिवारी पुन्हा राहिली, पुन्हा घालायला लावली.

चिरंजीव आले तेव्हा वडील चौथ्या शनिवारवर होते. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं. मग मला विचारलं, बावीस म्हणजे काय, एकोणीस म्हणजे काय. मी दाखवलं.

"बाबा, कुलूप तीन-तीनदा ओढून बघता," ते म्हणाले, "आणि कुलपाच्या आतला ऐवज तुमच्या डब्यात?"

"सुरक्षेसाठीच ना रे," बंब पुटपुटला.

"ते पत्र लिहिलंस?" वहिनींनी मुलाला विचारलं.

"लिहिलंय."

"आण."

पाकीट आलं. वहिनींनी भिंगाच्या दिव्याखाली धरून सावकाश वाचलं, एखाद्या दाढेत भेग आहे का बघावं तसं. "आराम हा शब्द दोनदा आलाय," त्या म्हणाल्या. "मला एकदाही विचारलेलं नाहीस."

"आई, मला खरंच वाटत होतं की…"

"मलाही वाटायला लागलं होतं. त्याचाच राग आलाय." त्यांनी पत्राची चौपदरी घडी केली आणि बाकाच्या हलणाऱ्या पायाखाली सारली. बाक तेव्हापासून हलत नाही. "आता मुख्याध्यापकांची कवळी परत मागव. फोन तू कर, आणि कुणाची चूक ते नीट सांग. बोट म्हणालास तर याद राख."

चिरंजीवांनी फोन केला. मुख्याध्यापक कवळी परत द्यायला तयार नव्हते. म्हणाले, इतकी वर्षं टेबलाच्या एकाच बाजूला बसून जेवलो, आता सगळ्यांच्या शेजारी बसायला मिळतं.

पेटीचं म्हणाल तर दोन्ही डिस्कना मी कायमची कुलपं घातली. त्या आता जोडीनेच झोपतात आणि जोडीनेच उठतात. वहिनींची वही बंद झाली नाही, फक्त आता ती बंब लिहितो. दर सोमवारची तपासणी त्याच्याच अक्षरात आहे: शून्य, शून्य, शून्य.

आणि बंबच्या समाधानासाठी तिसरी डिस्क घेतली. दर शनिवारी तिच्यावर सगळे जबडे उतरवायचे, मग तिच्यावर लिहायची मनाई करायची, आणि ती बाहेर न्यायची. बंबने ती घरी नेली, आणि दुसऱ्याच शनिवारी डबा हातात घेऊन माझ्या दारात उभा.

"काय झालं?"

"डिस्क घरी, आणि ही पण घरी," तो म्हणाला. "ही म्हणजे वहिनी तुझी. सगळे जबडे तिच्या हातातही आहेत. दोन्ही एका छपराखाली नकोत."

आता त्याच्यापुढे काय बोलणार? मी कपाट उघडलं. बरणीशेजारी जागा केली. बंबने मफलर सोडला, डिस्क ठेवली, बरणीतल्या स्वतःच्या दातांकडे क्षणभर बघितलं.

"मधून मधून चालू करून बघशील ना? जिवंत आहे का?"

"नाही."

"नुसतं बघायचं रे."

"अजिबात नाही."

त्याने दीर्घ श्वास घेतला, कपाटाला कुलूप लावलं आणि मूठ ओढून बघितली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती त्याच्या हातातच आली.

तेव्हापासून माझे पायमोजेही आतच आहेत. बंबचं म्हणणं, इतकं सुरक्षित कपाट त्याने तीस वर्षांत पाहिलेलं नाही.